दोऱ्याने शिवलेलं पान

“अकरा नंबर. रुळांपलीकडची शाळा. पट सोळा, जवळची शाळा किलोमीटरच्या आत, आठशे मीटरवर. बंद,” हेडक्लार्कने वाचलं आणि यादीवर खूण केली.

ऑफिसातली शिपाई मावशी टेबलावर पाण्याचे ग्लास ठेवत होती. तिचा हात थांबला.

“आठशे मीटर कोणी मोजलं?”

हेडक्लार्कने मानही वर केली नाही. ऑफिसात त्याला पाठीमागे सगळे टकटक्या म्हणायचे, कारण कीबोर्डवर बोटं आपटल्याशिवाय त्याला विचारच सुचत नसे. “कॉम्प्युटरने मोजलं, मावशी. नकाशावर रेघ ओढली, आठशे आले. तुमचं काय अडलंय?”

“रेघेवरून पोरं चालतात का?”

समोर बसलेल्या मॅडम जराशा हसल्या. जिल्ह्याच्या सगळ्या सरकारी शाळा त्यांच्या हाताखाली, पण खुर्चीवर येऊन त्यांना अवघे तीन आठवडे झालेले. यादी चार वाजता वरच्या कचेरीत जायची होती. एकदा गेली की गेली. घड्याळात तीन वाजून गेले होते.

मावशीचं अडलं होतं ते भलतंच मोठं होतं. तिची नात त्याच शाळेत तिसरीत होती. दुसरी शाळा रुळांच्या अलीकडे, आणि मधे चौदा रुळांचं मालगाड्यांचं यार्ड. पूल पार लांब. पोरं काही पुलाला वळसा घालत नाहीत, उभ्या डब्यांखालून वाकून जातात. हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सून उजाडायच्या आत कामाला जाते, मावशी ऑफिसात. नातीचा हात धरून पुलावरून नेणारं घरात होतंच कोण?

पण नातीचं नाव तिने काढलं नाही. घरचं गाऱ्हाणं साहेबाच्या टेबलावर मांडणाऱ्यांतली ती नव्हती.

“मॅडम, नियमाचं पुस्तक अर्धंच वाचलंय यांनी,” ती म्हणाली.

“घ्या!” टकटक्या खुर्चीत मागे रेलला. “आता मावशी आम्हाला नियम शिकवणार. किती शिकलात हो तुम्ही?”

“दुसरी. पण जेवढं वाचते तेवढं शेवटपर्यंत वाचते.”

आणि ती तडक दप्तराच्या खोलीत गेली.

सव्वीस वर्षं ती खोली तिच्या ताब्यात होती. वरची कचेरी जिल्ह्याच्या साहेबांसाठी पुस्तकं काढायची: शिक्षक कसे नेमायचे, गळकी छपरं कशी दुरुस्त करायची, कुठली शाळा कधी बंद करायची. साहेब यायचे, पुस्तकाचं कव्हर बघून “छान आहे” म्हणायचे आणि बदली होऊन जायचे. पुस्तक आलं की दहा-पंधरा दिवसांनी पाठोपाठ एक पातळ पाकीट यायचंच, दुरुस्तीच्या पानाचं. वरच्यांना आपली चूक छापून झाल्याशिवाय दिसत नाही, त्याला कोण काय करणार! ते सुटं पान मग कुणाच्या तरी चहाच्या कपाखाली जाऊन बसायचं. मावशीला हे बघवेना. तेव्हापासून ती सुईदोरा घेऊन प्रत्येक दुरुस्ती त्या त्या पुस्तकाच्या पाठीला शिवून टाकायची. टकटक्या म्हणायचा, “मावशी, बाही जोडताय की कॉलर?” ती म्हणायची, “तुमचं फाटलेलं सांधतेय.”

पुस्तक हातात घेऊन ती परत आली तेव्हा साडेतीन झाले होते.

“हे अजून इथेच?” टकटक्या उडालाच. “सगळं रद्दीत द्यायला सांगितलं होतं मी! पुस्तकं आता वेबसाइटवर आहेत.”

“सांगितलं होतंत. मी दिलं नाही.”

“मॅडम, वेबसाइटवर असलं काही पान नाही. मी स्वतः बघितलंय.”

मॅडमनी पुस्तकासाठी हात पुढे केला. मग का कोण जाणे, तो मागे घेतला. “मावशी, तुम्हीच वाचा.”

मावशीने चष्मा पुसला. शब्दाखाली बोट धरून, जोडाक्षरापाशी अडखळत, पण एकही शब्द न गाळता ती वाचू लागली. “दोन शाळांमधील अंतर... नकाशावर न मोजता... मूल प्रत्यक्ष चालते त्या सुरक्षित रस्त्याने मोजावे. मध्ये नदी, मोठा रस्ता किंवा... रेल्वेमार्ग असल्यास... पुलावरून मोजावे.”

टकटक्याचा पाय टेबलाखाली हलत होता. “पावणेचार, मॅडम.”

“वाजू देत,” मॅडम म्हणाल्या.

मावशीने खालचा नंबर आणि तारीखसुद्धा वाचली. मॅडमनी लगेच वरच्या कचेरीत फोन फिरवला, स्पीकरवर टाकला. पलीकडच्या माणसाने रजिस्टर चाळलं. कागद उलटल्याचा आवाज खोलीभर येत होता.

“हो, नंबर बरोबर आहे. दुरुस्ती लागू आहे, मॅडम. पण...” तो घुटमळला. “आमची प्रत सापडत नाहीये. तुमच्याकडची पाठवाल का?”

मॅडमनी मावशीकडे पाहिलं.

“फोटो काढून पाठवा,” मावशी म्हणाली. “पुस्तक ऑफिसाबाहेर जाणार नाही. आणि फोटो काढताना दोरा तोडू नका.”

पुलावरून अंतर भरलं अडीच किलोमीटर. अकरा नंबरवर काट बसली. नदीकाठच्या दोन आणि मोठ्या रस्त्यापलीकडची एक, अशा आणखी तीन शाळाही सुटल्या. त्यांची नावं टकटक्याने स्वतःच्या हाताने खोडली. चारला दोन मिनिटं असताना यादी गेली. मग तो उठला, कोपऱ्यातली खुर्ची ओढून मावशीपुढे ठेवली आणि बाहेर गेला. मावशी बसली. सव्वीस वर्षांत साहेबांच्या खोलीत ती पहिल्यांदा बसत होती, पण बसली ती रोजचीच असल्यासारखी.

घरी नात दारातच उभी होती.

“आजी, आमच्या बाई म्हणाल्या शाळा बंद होणार! मग सकाळी उठायचं नाही ना?”

“उठायचं.”

“म्हणजे उद्या शाळा आहे?”

“उद्या आहे, परवा आहे. तुला माझ्यासारखे पांढरे केस येईपर्यंत आहे. चल, सातचा पाढा म्हण.”

नातीने तोंड फुगवलं, दप्तर आपटलं आणि भिंतीला टेकून रडक्या आवाजात सुरू केलं. सात एके सात, सात दुणे चौदा. म्हातारी डोळे मिटून ऐकत राहिली.

“सात आठे चोपन्न,” नात म्हणाली आणि दचकून, चुकलं की टपली मारणाऱ्या आजीच्या हाताकडे बघू लागली.

हात मांडीवरच होता.

“पुढे म्हण,” आजी म्हणाली.