नववा ग्रह आणि टाचण्यांची डबी

शिंप्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धवट शिवलेले कोट बाजूला सारून माणसं कापडाच्या गठ्ठ्यांवर चढून बसली होती. कापायच्या टेबलामागे ग्रहपछाड महाराज लांब झगा पसरून बसले होते. पुढ्यात सपाट पितळी पत्रा, त्यावर नऊ रंगीत गोट्या.

"शास्त्रज्ञ पूर्वी नऊ ग्रह म्हणायचे, आता आठच म्हणतात. का?" शेजारी बसवलेल्या शिंप्याच्या लेकीकडे बोट दाखवत महाराज गरजले. "त्या नवव्या प्लूटोला मी आभाळातून हाकलला! या पोरीला तोच झपाटत होता. बघा!"

त्यांनी डोळे पांढरे केले. काळी गोटी आपोआप घरंगळत त्यांच्या मांडीवर पडली. बाकीच्या आठ जागच्या हलल्या नाहीत.

गर्दीने हात जोडले. एक टाका उसवला तर शिंप्याशी तासभर हुज्जत घालणारी हीच गिऱ्हाइकं; आज अक्कल बाहेर चपलांजवळ काढून आली होती.

पोरीच्या मावशीला मात्र संताप आवरेना. ती शाळेत विज्ञान शिकवायची, पण इथे आली होती भाचीसाठी. भाचीच्या फिट गोळ्यांनी आटोक्यात होत्या. 'हा आजार नव्हेच, ग्रहबाधा होती, ती सुटली,' असं महाराजांनी सांगितलं आणि आईने गोळ्या बंद केल्या. आज सकाळी पोर तापलेल्या इस्त्रीशेजारीच कोसळली होती.

"ताई, तू मध्ये पडू नकोस," बहीण कुजबुजली. "नवाचे आठ झाले हे तुमच्याच पुस्तकात आहे ना?"

"आहे. पण हाकलला कुणी?" मावशी टेबलाशी गेली. "खगोलशास्त्रज्ञांनी सभेत हात वर करून ठरवलं. ग्रह म्हणवून घ्यायचं तर सूर्याभोवती फिरायला हवं, स्वतःच्याच ओढीने गोल झालेलं हवं आणि आपल्या वाटेवरचे बाकी धोंडे दूर सारलेले हवेत. प्लूटो पहिल्या दोन्हींत पास, तिसऱ्यात नापास. म्हणून त्याला बटुग्रह म्हणतात. तो आहे तिथेच आहे! पुढे यानाने जवळून जाऊन त्याचे फोटोही काढलेत."

"पाखंडी बाई! माझ्या शक्तीपुढे—"

"शक्तीच बघू या." मावशीने शिंप्याची टाचण्यांची डबी पत्र्यावर पालथी केली.

टाचण्या सरसरत महाराजांच्या बाजूला धावल्या आणि कडेला झुपका करून उभ्या राहिल्या.

शिंप्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. सांडलेल्या टाचण्या तो रोज लोहचुंबकानेच गोळा करायचा. त्याने टेबलाखाली हात घातला आणि महाराजांच्या गुडघ्याला बांधलेला बशीएवढा लोहचुंबक पट्ट्यासकट ओढून काढला. काळी गोटी टपकन त्याला चिकटली.

"ही एकच लोखंडाची," तो दात खात म्हणाला, "बाकी सगळ्या पितळेच्या! आणि याच्यासाठी मी माझ्या लेकीचं औषध बंद करू दिलं?"

"ही भक्तांची परीक्षा होती," महाराज चाचरले. आभाळातून ग्रह हाकलणाऱ्याला दारातली गर्दी काही हाकलता येईना. शेवटी झगा सावरत मागच्या खिडकीतून त्यांनी पोबारा केला.

बहीण रडवेली झाली. "पण ताई, ते तर म्हणाले होते, आजार नाहीच."

"म्हणू दे. बटुग्रह म्हटल्याने प्लूटो विरघळला नाही आणि ग्रहबाधा म्हटल्याने फिट थांबत नाही. ऊठ, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चल." मग मावशी गर्दीकडे वळली. "आणि तुम्ही! पुन्हा कुणापुढे हात जोडायच्या आधी वाकून टेबलाखाली बघत जा."

बहिणीने फळीवरची गोळ्यांची बाटली घेतली, लेकीचा हात घट्ट धरला आणि कुणाकडेही न बघता दवाखान्याची वाट धरली.