एकच ग्रीक शब्द

आमच्या घरात नाव ठेवायला कुणाला वेळ नाही, नावं ठेवायला मात्र सगळे हजर. मुलगी एकोणीस दिवसांची झाली. जन्मदाखल्याचा फॉर्म फ्रिजवर चिकटवलाय, परवा शेवटची तारीख, आणि नावाची जागा कोरी. त्यात माझा नवरा 'मेलिसा'वर अडून बसलेला.

त्याचा मधाचा धंदा. घरामागे मधमाश्यांच्या बारा पेट्या आहेत. माश्यांवरच्या कुठल्याशा पुस्तकात त्यानं वाचलं की ग्रीक भाषेत मधमाशीला मेलिसा म्हणतात. झालं! माणसाला अख्ख्या ग्रीक भाषेतला एकच शब्द येतो आणि तो त्याला माझ्या पोरीला चिकटवायचाय.

"नाव वाईट नाहीये रे," मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. "पण या घरात कुणाचं नाव धड राहिलंय का? तुझं एवढं पाच अक्षरी नाव, त्याचा झाला पप्या. हिला काय म्हणतील? मेली!"

"मी म्हणू देणार नाही."

पस्तीस वर्षांत ज्याला स्वतःचा पप्या थांबवता आला नाही, तो हे सांगणार!

आणि सासूबाईंच्या तोंडी तर तो शब्द सकाळपासूनच असतो. नळ गळला की मेला नळ, वीज गेली की मेली वीज, शिडीला ठेचकाळल्या की मेली शिडी. त्यात आणखी एक मेली.

लोकांना मी हे हसत सांगते, पण मला ते नाव सहन होत नाही. आमची पहिली मुलगी दोन दिवस जगली. त्याला आता दोन वर्षं झाली. तिच्या कागदांवर नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलंय. तेव्हापासून आम्ही नवरा-बायको तिच्याबद्दल अवाक्षर बोललेलो नाही. मग आता मी कुठल्या तोंडानं सांगू, की दिवसातून पन्नासदा घरात 'मेली झोपली का, मेली कुठंय' ऐकू आलं तर माझ्या काळजाचं पाणी होईल? इतकं साधं त्याला आपणहून कळू नये?

नाहीच कळलं. मग मी दुसरी नावं शोधली. ग्रीकच हवं ना, घे ग्रीक! आयरिस म्हटलं, तर म्हणे डोळ्यांच्या दवाखान्याची पाटी वाटते. सोफिया म्हटलं, तर सासूबाईंनी विचारलं, "का गं, सोफ्यावर झोपते म्हणून?" डॅफ्ने म्हटलं, तर हा म्हणाला, "तुझ्यासारखी डाफरेल." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

आज सकाळी सासूबाई फितूर झाल्या. "एवढा म्हणतोय तर राहू दे की गं," म्हणाल्या आणि सरावाला लागल्या. अर्थातच अर्ध्या नावानं.

अकराच्या सुमाराला मी दुपट्यांच्या घड्या घालत होते. सासूबाई बाळाला घेऊन मागच्या खिडकीत उभ्या होत्या. एकदम ओरडल्या, "पप्या! अरे, पळ लवकर! मेली..."

पुढचं 'हसली' माश्यांच्या गुणगुणण्यात बुडालं असणार. पहिलीच्या वेळीही हा दवाखान्यातून कपडे बदलायला घरी आला होता, पेट्यांकडे गेला होता, आणि याच खिडकीतून आईनं त्याला 'पळ लवकर' म्हणून हाक मारली होती.

तो आला तो पायरीवरची बादली लाथाडतच. डोक्यावर जाळीची टोपी, एकाच हातात मोजा, मागून तीन-चार माश्या. दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्याला आत येववेना.

"अरे, हसली होती रे," सासूबाई म्हणाल्या. "उशीर केलास."

बाळानं जांभई दिली. ती बघितली आणि तो उंबऱ्यावर मटकन बसला. मानेवर माशी चावली होती, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

एकोणीस दिवसांचं सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. पण जाळीच्या आतून तोच बोलला.

"हे नाव तिचं होतं."

"कुणाचं?"

"पहिलीचं. तुला सातवा लागला तेव्हाच ठरवलं होतं. जन्मली की सांगणार होतो, ते राहूनच गेलं. म्हटलं, आता हिला तरी देऊ. नाहीतर ते नाव असंच जाईल."

माझ्या डोक्यात सणक गेली. दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस माझ्या लेकीचं नाव स्वतःजवळ दडवून बसला होता, आणि मी तिला मनातल्या मनात नुसतं 'ती' म्हणत होते. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. दुसरा घालायला हात उचलला, पण तेवढ्यात रडूच फुटलं आणि मी त्याच्या शेजारी बसले.

"मग तिचंच राहू दे ना," मी म्हटलं. "हिला नवं शोधू. तिला दुसरं काय दिलंय आपण?"

त्यानं होकारार्थी मान डोलावली. टोपी काढली आणि ते नाव एकदा म्हणाला. मग मीही म्हटलं.

सासूबाई बाळाला थोपटत आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. या घरातल्या प्रत्येकाचं नाव त्यांनीच तोडलंय. त्या एकेक अक्षर सावकाश लावत म्हणाल्या, "मे-लि-सा."