विहिरीतले दोन पाय

सांगून कुणाला पटायचं नाही, पण स्वतःचेच पाय बघून माणूस भीतीनं अर्धमेला झालेला ह्या गावानं पाहिलाय.

विहिरीतला गाळ उपसणारा तो गडी. वर रहाटावर त्याचा चुलता. भर दुपारी पहार कपारीत घुसली आणि झरा असा फुटला, की गड्याचे घोटे बुडाले. दोन वर्षं ठणठणीत कोरडी विहीर ती! त्यानं चिखलाच्या हातानं फोन काढला, पायाशी उसळणाऱ्या पाण्याचा फोटो घेतला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. लिहिलं काहीच नाही, बोटं बरबटलेली.

नुसता फोटो बघून गप्प बसेल ते गाव कसलं? एकानं विचारलं, ‘कुठलं पाणी?’ दुसऱ्यानं ठोकून दिलं, ‘वरचं धरण फुटलं वाटतं.’ तिसऱ्यानं त्यातलं ‘वाटतं’ तेवढं गाळलं. झालं! चुली पेटत्या ठेवून, म्हशींची दावी कापून गाव टेकडीकडे पळत सुटलं. एका म्हातारीनं तर नातवाऐवजी उशीच काखेत मारली.

खाली गड्याला एकदम सामसूम जाणवली.

“काका, ओढा की!”

तेवढ्यात फोन वाजला. ‘धरण फुटलं. माणसं बुडाली. लगेच पुढे पाठवा.’ सोबत फोटो: गढूळ पाणी आणि चिखलानं माखलेले दोन पाय.

“अरेरे, कोण बिचारा!” म्हणत त्यानं खाली पाहिलं. पाणी त्याच्याही गुडघ्याला लागलं होतं. मग मांडीला. सारा जन्म विहिरीत गेला, पण पोहायला कधी शिकलाच नव्हता. तो उतरायचा तो कोरड्या विहिरीत. दगडात नखं रोवली, ती घसरली. “कुणी आहे का रे?” हाक गोल फिरून त्याच्याच कानात आली. घरी तान्ही पोर होती. पाणी छातीला लागलं.

“पण चुलता!” कट्ट्यावर गोष्ट रंगवून सांगणाऱ्यानं हात उंचावला. “सगळं गाव पळालं, तो जागचा हलला नाही. दोर दातात धरला, पाय रोवले आणि एकट्यानं पुतण्याला—”

“काका,” कट्ट्याच्या टोकाला पोरीला मांडीवर घेऊन बसलेला माणूस म्हणाला, “दोर माझ्या डोक्यात पडला होता. मला वर काढलं ते हिच्या आईनं. आणि तो मेसेज टेकडीवरून मला तुम्हीच पाठवला होतात.”