पहिलं डोकं थोरलीचं

सरुबाईच्या पोटात दुखत होतं ते धाकट्या जावेच्या शिकेकाईवरून. वेल सरुबाईच्या माहेरचा, राधानगरीच्या बांधावरचा. पिवळ्या गोंड्यांनी फुलला की भाऊ पहिला फोन तिलाच करायचा. शेंगा वाळवायची, फोडायची, एकेक बी काढून कुटायची आणि वस्त्रगाळ करायची तीच. आणि नाव कुणाचं? दीप्तीचं! पुड्यावर 'दीप्ती शिकेकाई', बचत गटाच्या प्रदर्शनात दीप्ती, अख्ख्या शिवाजी पेठेच्या तोंडी दीप्ती. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

या खेपेला सरुबाईनं ठरवलंच. उद्या राजारामपुरीत प्रदर्शन होतं. तिनं बिया काढल्याच नाहीत. शेंगा तशाच कुटल्या, पिठाच्या चाळणीतून काढल्या आणि डबा दीप्तीपुढं आदळला. बायकांच्या केसांत कचकच अडकून बसली, की मिरव म्हणावं नाव!

रागाच्या भरात ती एक गोष्ट विसरली. नव्या शिकेकाईनं आधी घरातल्या थोरलीनं न्हायचं, हा नेम दीप्तीनंच घातला होता. संध्याकाळी पाणी तापवून ती हाक मारत आली.

"आक्का, चला की. पहिलं डोस्कं तुमचं."

नाही म्हणायला सबब सापडेना. सरुबाई मुकाट्यानं पाटावर बसली. दीप्ती तिच्या केसांना शिकेकाई चोळू लागली.

"खरखरीत लागतंय काय वो? पुडं भरून भरून माजंच हात रापल्यात वाटतं."

मेली स्वतःच्याच हातांना नावं ठेवत होती.

"उद्या तुमी बी चला आक्का. दर खेपेला बायका इचारत्यात, कुटणारी हाय तरी कोण? म्या सांगून ठेवलंय, पूड आमच्या आक्कांच्या हातची. माजं नुसतं पाकीट. तुमास्नी बघायचंय म्हणं समद्यास्नी."

जिच्या नावानं वर्षभर बोटं मोडली, ती आपलंच नाव गावभर सांगत फिरत होती. आणि आपण ते आपल्याच हातानं मातीत घातलं.

"दीप्ती, त्यो माल नेऊ नगंस."

"का वो?"

"बिया काढल्या न्हाईत म्या. मुद्दाम."

दीप्तीचा हात डोक्यावरच थांबला. मग तिनं तांब्या भरून घेतला.

"मग उद्या बायका इचारतील, आक्का," ती म्हणाली, "तवा कुणी कुटलंय म्हणून सांगू?"

पाणी डोक्यावरून ओघळून गेलं, तरी सरुबाईला डोळे उघडवेनात.