बटणांची भिंत

गाईडबाईंनी छत्रीचं टोक भिंतीला टेकवलं आणि मागची माणसं जमेपर्यंत त्या थांबल्या. बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानाची ती भिंत. गिलाव्यात बटणंच बटणं रुतलेली. शिंपल्याची, लाकडाची, पितळेची. काही निखळून नुसता गोल खळगा उरलेला. शहराच्या विसरलेल्या गोष्टी सांगणारी त्यांची रविवारची फेरी इथे येऊन संपायची.

"इथला शिंपी बोटीवर कामाला गेला," त्यांनी आवाज खाली आणला. "लवकर येतो म्हणाला. त्याची बायको रोज संध्याकाळी या पायरीवर बसायची. दिवस मावळला, की डब्यातलं एक बटण काढायची, हातात जरा ऊब येईपर्यंत धरायची आणि भिंतीत बसवायची."

"ऐकताय ना?" एकीने नवऱ्याला कोपर मारलं. "वाट बघणं म्हणजे असं असतं."

"माझ्या शर्टाचं तुटलंय ते लाव आधी."

हशा पिकला. हसले नाहीत ते फक्त मागे उभे असलेले काका. दर रविवारी तिकीट काढून यायचे. वाटेतल्या बाकीच्या गोष्टींच्या वेळी त्यांचं लक्ष दुसरीकडेच असायचं; इथे मात्र टोपी काढून हातात धरायचे. त्यांना पाहिलं की बाईंना धास्ती वाटायची. ही गोष्ट निम्मी समोरच्या लाँड्रीवाल्याकडून ऐकलेली, निम्मी त्यांनीच रंगात येऊन रचलेली. हा माणूस एक दिवस चारचौघांत "कशावरून?" म्हणून विचारणार, आणि मग फेरीला कुत्रंही फिरकणार नाही.

त्या रविवारी लोक पांगले तरी काका हलले नाहीत.

"एक विचारू का, बाई? बटणं कमरेच्या वर का नाहीत?"

"बसून लावायची ना ती." उत्तर तयारच होतं.

"हं." काकांनी भिंतीवरून तळवा फिरवला. "पण गिलावा सलग आहे. रोज थोडा थोडा लावला असता, तर ठिगळं दिसली असती. शिंप्याच्या पोराला ठिगळ कळतं."

बाईंनी मिटलेली छत्री पुन्हा मिटली.

"शिंपी कुठे गेलाच नव्हता," काका म्हणाले. "ती गेली. भरदुपारी, ट्रंक घेऊन. कुणाबरोबर, कशासाठी, ते बाबा कधी बोलले नाहीत. त्याच दिवशी भिंतीला गिलावा झाला होता. माझं रडं थांबेना, तेव्हा बाबांनी बटणांचा डबा पुढ्यात ठेवला. म्हणाले, भिंत भरली की येईल आई." त्यांचा अंगठा सगळ्यात वरच्या बटणावर थांबला. "इथवरच हात पुरला. वरचं सकाळी स्टुलावर चढून लावू म्हटलं. सकाळी बघतो तर गिलावा वाळलेला."

लाँड्रीतून इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला.

"आधी सांगायचंत ना, काका. पुढच्या रविवारपासून खरं तेच सांगेन मी."

"नको."

"नको? मग दर वेळी तिकीट काढून येता तरी कशाला?"

काकांनी टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली.

"तुमच्या गोष्टीत ती कुठे जात नाही."

पुढच्या रविवारी गर्दी जरा जास्तच होती. बाईंनी छत्रीचं टोक भिंतीला टेकवलं. बोट, पायरी, मावळता दिवस, सगळं नेहमीसारखं सांगून झालं. तेवढ्यात पुढच्या मुलीने विचारलं, "एवढी खालीच का लावली?"

बाईंनी सगळ्यांच्या डोक्यांवरून मागे पाहिलं.

"बसून लावायची ती."

एवढ्यावर गोष्ट संपायची. त्यांनी छत्री खाली घेतली नाही.

"मांडीवर तिचं मूल असायचं," त्या सावकाश म्हणाल्या. "आज कुठलं लावू रे, असं रोज त्याला विचारायची. ते बोट दाखवेल तेच लावायची."

मागे थोडी हालचाल झाली. माणसं बाजूला सरली. नेहमी शेवटी उभे राहणारे काका गर्दीतून वाट काढत पुढे आले, आणि टोपी गुडघ्यावर ठेवून त्या पायरीवर बसले.