पार्किंग लॉटमधली साक्ष

पुरुषोत्तमकाकांचं साप्ताहिक बुडत होतं, आणि ते बुडतंय हे कबूल करण्याखेरीज दुसरं काहीही करायला काका तयार होते.

अमेरिकेतल्या नोव्हायजवळच्या त्यांच्या गावात साप्ताहिकं दोन. छपाई, जाहिराती, वाटप एकत्र केलं तर दोन्ही तगली असती. पण प्रतिस्पर्ध्यांनी संगनमतानं जाहिरातींचे दर ठरवणं मक्तेदारीविरोधी कायद्याला चालत नाही. पळवाट एकच: दोघांपैकी एक पेपर बुडण्याच्या बेतात आहे, हे सरकारला पटवायचं. जगायचं तर आधी मरणपंथाला लागल्याचं दाखवा, असा हा शहाणा कायदा. काकांच्या वकिलीणबाई सुमेधाला त्याचं हसू येत नव्हतं. परवानगी नाकारली तर पेपरातल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार होत्या.

"काका, फक्त 'वी आर फेलिंग' एवढंच म्हणायचं," तिनं बजावलं.

"ऑफिसात बसून असलं अभद्र बोलू? अगं, वास्तुपुरुष ऐकत असतो. तथास्तु म्हणून मोकळा होईल!"

पेपर काढण्याआधी जन्मभर मोटारींची इंजिनं तपासलेला हा माणूस, आणि वास्तुपुरुषाला घाबरतो! सुमेधानं कपाळावर हात मारला.

सुनावणी व्हिडिओ कॉलवर होती. पेपरची स्थिती कशी आहे, असं वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"व्हेरी गुड," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी पानं वाढवतोय."

 अधिकाऱ्याला थांबायची विनंती करून सुमेधानं कॉल चालू असलेला फोन हातात घेतला आणि काकांना दंडाला धरून थेट पार्किंग लॉटमध्ये आणलं. बर्फ पडत होतं.

"आता बोला. इथे वास्तू नाही, नुसतं डांबर आहे."

काकांनी तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. मग हळूहळू इंग्रजीत बोलू लागले. जाहिराती गेल्या. वाचक म्हातारे होऊन वारले, त्यांच्या मुलांना पेपर नको. मार्चनंतर अंक निघणार नाही. "माझ्या माणसांना मी हे सांगितलेलं नाही. एकीनं तर माझ्या शब्दावर नुकतंच घर घेतलंय."

स्क्रीनवर अधिकाऱ्यानं चष्मा काढला आणि एवढं पुरे आहे म्हणाला. केस जिंकल्यात जमा होती. सुमेधानं सुटकेचा निःश्वास सोडून मागे पाहिलं.

ऑफिसच्या दारात पेपरची बातमीदार प्रीता उभी होती, काकांचा कोट घेऊन. घर घेतलेली ती हीच.

काकांना तिच्याकडे बघवेना. तिनं त्यांच्या खांद्यावर कोट घातला, बटणं लावली, आणि मग स्वतःचा फोन काढून बातमीसाठी रेकॉर्डिंग सुरू केलं.

"परत सांगा, काका," ती म्हणाली. "मार्चनंतर काय?"