गोळी विरघळेपर्यंत

मला इथे सगळ्या रेडिओ म्हणतात. नाव कुणी ठेवलं आठवत नाही, पण खोटं नाही ठेवलं. माझ्या जिभेला हाड नाही असं सासू म्हणायची, नवरा म्हणायचा, आणि शिक्षा सुनावताना न्यायाधीशबाईंनाही मला मधेच गप्प करावं लागलं. अशा बाईला रोज सकाळी तोंड मिटून बाकावर बसायला लावायचं, ही माझी खरी शिक्षा. तुरुंग त्यामानाने परवडला.

हा बाक उपचार विभागातला. नशेपायी आत आलेल्या बायकांसाठी आमच्या तुरुंगात वेगळी बराक आहे. तिथे सकाळी सिस्टर प्रत्येकीच्या जिभेखाली एक छोटी गोळी ठेवते. तिने नशा चढत नाही, पण तलफ दबून राहते, अंग मोडून येत नाही, झोप लागते, बाई माणसात राहते. गोळी गिळली तर फुकट जाते, जिभेखालीच विरघळावी लागते. तोवर भिंतीला पाठ, हात गुडघ्यांवर, तोंड बंद. मग सिस्टर टॉर्च घेऊन येते, आम्ही आ करून जीभ वर उचलतो, आणि ती ‘साफ’ म्हणाली की उठायचं.

एवढा बंदोबस्त कशाला, तर आमच्यातल्याच काही शहाण्यांमुळे. बोलायच्या नाहीतर खोकायच्या निमित्ताने गोळी बाहेर काढायची, बाहीत सरकवायची आणि दुसऱ्या बराकीत विकायची. मी सांगणार आहे त्या दिवसाच्या आठवडाभर आधीच पैलवान नावाची आमची एक धिप्पाड बाई अशी पकडली गेली. ठसका लागला, ठसका लागला, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. तिचं नाव उपचारातून कापलं, रवानगी मोठ्या बराकीत झाली आणि तिची उघडी भेट बंद झाली. उघडी भेट म्हणजे मधे जाळी नाही. उपचार नीट घेणाऱ्या आईला आपलं मूल मांडीवर घेता येतं. आमची चैन म्हणाल तर तेवढीच. पैलवानच्या प्रकरणानंतर सिस्टरने सगळ्यांना बजावलं की बाकावर जिचं तोंड उघडेल किंवा हात गुडघ्यावरून उचलला जाईल, तिचं नाव त्याच दिवशी कापलं जाईल. आणि ही बाई बोलते तसं करते.

माझ्या शेजारी शिंपीण बसायची. शिवणखात्यात मशीनवर काम करायची म्हणून शिंपीण. इतकी अबोल की तिच्या वाटचंही मीच बोलायचे. तिची मुलगी मोठ्या बहिणीकडे होती. ही ताई एकदाच भेटायला आली होती, तीही एकटी, आणि जाळीपलीकडून बजावून गेली होती की तू सगळं सोडलेलं मला माझ्या डोळ्यांनी दिसलं तर पोरगी तुझी, नाहीतर मी तिला कायमची माझ्या पदरात घेईन. ते ऐकून मी त्या ताईला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. नंतर एकदा दोरीवर चादरी वाळत घालताना शिंपीणने घरातलं सांगितलं, तेव्हा मी शिव्या परत घेतल्या.

घरी ती गोळ्या घ्यायची, त्या वेगळ्या, आणि भिंतीला पाठ लावून बसायची. हात गुडघ्यांवर, डोळे उघडे, तासन्‌तास. लेक हाका मारमारून थकायची. मग त्या एवढ्याशा पोरीने स्वतःच एक युक्ती काढली. आईच्या डोळ्यांपुढे बोटं धरायची आणि विचारायचं, किती? आई शुद्धीवर असली तर मोजून सांगायची. नसली तर बघायचीसुद्धा नाही, नुसतं ‘पाच’ म्हणायची. हाताला पाच बोटं असतात एवढंच डोक्यात उरलेलं असायचं. पाच ऐकलं की पोरगी गुपचूप शेजारणीकडे जेवायला जायची.

“मी पाचच म्हणायचे,” शिंपीण म्हणाली, आणि चादरीचं टोक पुन्हा पिळायला लागली. ते आधीच पिळलेलं होतं.

एक दिवस ताईचा निरोप आला की पोरीला घेऊन येते. शिंपीणचा जीव त्या दिवसापासून टांगणीला लागला. मी तिला विचारलं, ताईला या गोळीचं सांगितलंस का? तर नाही. फोनवर ‘सगळं सोडलंय’ एवढंच सांगितलं होतं, आणि तिच्या हिशेबाने ते खरंही होतं. उरलेलं समोर बसवून समजावणार होती. मला ते पटलं नाही आणि मी तसं तोंडावर म्हटलंही, पण तिचं लक्ष फ्रॉककडे होतं. शिवणखात्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून तिने लेकीला फ्रॉक शिवला होता. मी म्हटलं, बाई गं, मुली वाढतात, जरा सैल शिव. तिने बिचारीने दोनदा उसवून सैल केला.

भेटीच्या दिवशी औषधांची पेटी उशिरा आली. त्यातच दुपारी कुणी मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून भेटी सकाळीच उरकायचं ठरलं. हे औषधवाल्यांना कुणी कळवलं नाही आणि औषधाचं भेटवाल्यांना कुणी विचारलं नाही. बाक आणि उघडी भेट एकाच खोलीत. आम्ही नुकती तोंडं मिटली होती, शिंपीणच्या गुडघ्यांवर घडी घातलेला फ्रॉक होता, त्यावर हात ठेवून ती बसली होती. तेवढ्यात दार उघडलं आणि शिपाईणबाईंनी ताईला आणि पोरीला आत सोडलं.

पोरगी दोन पावलं धावली आणि थांबली. समोर तिची आई भिंतीला पाठ लावून, हात गुडघ्यांवर ठेवून, तोंड मिटून बसलेली. तिने हाक मारली. शिंपीणने नुसतं बघितलं. तिने पुन्हा हाक मारली, या वेळी हळू, आणि मग ताईच्या मागे जाऊन उभी राहिली. मला ते बघवेना.

सिस्टर बाईने वाईट काही केलं नाही, पण नको तेच बोलली.

“तिला आत्ताच गोळी दिलीय. थोडा वेळ बोलणार नाही. तिकडे बसा.”

ताईचा चेहरा उतरला. सिस्टरने मग उपचाराचं सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या देखरेखीचं, हळूहळू मात्रा कमी करण्याचं. ताई ऐकत होती, पण बघत होती बहिणीकडेच. मी तिला दोष देत नाही. जिने त्या घरात तशी बसलेली बहीण पाहिली, तिला हे बसणं वेगळं कसं दिसावं?

“मला म्हणाली, सगळं सोडलंय. गोळी ती गोळीच.” ताईने पोरीचा हात धरला. “चल गं. तुझी आई आहे तशीच आहे.”

शिंपीणची पाठ भिंतीपासून सुटली. ती बोलणार हे मला कळलं. बोलली तर नाव कापलं जाणार, मोठ्या बराकीत तलफ तिला खाणार आणि पोरगी जाणारच. नाही बोलली तर पोरगी आत्ताच दाराबाहेर जात होती. मी माझा गुडघा तिच्या गुडघ्यावर दाबला. सारा जन्म लोकांनी मला गप्प बस म्हणून सांगितलं, आणि त्या दिवशी मी दुसऱ्या बाईला तेच सांगत होते, तेही न बोलता. माझ्या स्वतःच्या जिभेवर इतकं आलं होतं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

दारापाशी पोरीने हात सोडवून घेतला. परत आली आणि बाकापासून जरा लांबच उभी राहिली. तिने तीन बोटं वर केली.

“किती?”

शिंपीणचे हात गुडघ्यांवरच होते. तळवा फ्रॉकवर तसाच टेकलेला, आणि त्यातून तिची तीन बोटं वर उचलली गेली. सिस्टर टॉर्च घेऊन पुढे आली, वाकून त्या हाताकडे तिने नीट पाहिलं आणि मागे सरकली.

पोरीने एक बोट धरलं. फ्रॉकवर एक बोट उठलं. ती एक पाऊल पुढे आली. मग थोडा विचार करून तिने सगळा पंजा उघडला आणि आईच्या तोंडापुढे धरला.

शिंपीणची बोटं उठेनात. बरोबर उत्तर तेच होतं जे ती इतकी वर्षं चुकीचं देत आली होती. ते पुन्हा द्यायची तिला भीती वाटत होती, आणि शेजारी बसून मलाही वाटत होती. तिने पोरीच्या हाताकडे एकेका बोटावर थांबत पाहिलं. मोजत होती. मग फ्रॉकवरची पाचही बोटं वर आली.

मला हुंदका आला आणि तो गिळायचीही सोय नव्हती.

“मावशी,” ती मागे वळून म्हणाली, “आज खरंच पाच होती.”

ताई दारातून परत आली, आणि गोळी विरघळेपर्यंत बाकाच्या टोकाला बसून राहिली.